१२० तास : समान संधी कक्षातल्या नोंदी

५ जानेवारी २०२६

आज नवी वही घातली. विद्यापीठाच्या समान संधी कक्षात या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगसाठी (ओजेटी) चार विद्यार्थी घ्यायचे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एमए-एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात हे प्रशिक्षण बसवलंय. चार क्रेडिट, क्रेडिटला तीस तास, म्हणजे १२०. बरीच मुलं हे तास सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नाहीतर एखाद्या बँकेत भरतात. आम्ही ठरवलं, चौघांना विद्यापीठातच काम देऊ. ऑटिझम, डिस्लेक्सिया (वाचताना अडतं), डिस्ग्राफिया (लिहिताना अडतं), एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही) असलेल्या मुलांचं इथं नेमकं कुठं अडतं ते शोधायचं आणि जमेल तेवढं सत्र संपायच्या आत दुरुस्त करायचं.

नोटीस २ तारखेला लावली होती. आज सकाळी कक्ष उघडला तर दाराखालून सरकवलेली चिठ्ठी. वहीच्या पानाचा चौकोन, कडा पट्टी धरून फाडलेल्या, अक्षर छापल्यासारखं. ‘नोटिशीत उत्तम संभाषण कौशल्य आवश्यक असं लिहिलं आहे. मला ऑटिझम आहे. अनोळखी माणसांशी बोलायला मला वेळ लागतो. मला नकाशे काढता येतात. मी अर्ज करू शकतो का?’ खाली नाव, वर्ग, रोल नंबर.

जाऊन नोटीस परत वाचली. ते वाक्य कुठल्यातरी जुन्या नोटिशीवरून तसंच उतरलंय. पण खाली सही माझी आहे, आणि सही करताना मला ते दिसलं नाही. संध्याकाळपर्यंत नोटीस बदलून लावली. चिठ्ठीला चिठ्ठीनंच उत्तर पाठवलं : हो, कर अर्ज.

९ जानेवारी

निवड झाली. मुलाखतीचे पाच प्रश्न सगळ्यांना दोन दिवस आधी कागदावर दिले होते. खोली कोणती, समोर कोण बसणार, किती वेळ लागेल हेही लिहिलं होतं. उत्तर तोंडी द्या, लिहून आणा, नाहीतर काही करून आणा, असं सांगितलं. एका सहकाऱ्यांनी विचारलं, “मॅडम, प्रश्न आधीच दिले तर मग पारख कसली?” मला या मुलांचा धीटपणा पारखायचाच नव्हता. काम धीटपणाचं नाही.

या वहीत कुणाचं नाव लिहिणार नाही, विषयावरूनच लिहीन. भूगोल सिन्नरहून येतो. चिठ्ठीवाला तोच. संख्याशास्त्र पंचवटीचा, एडीएचडी आहे, बारावीनंतर कळलं. मराठी दिंडोरी तालुक्यातली, घरची द्राक्षबाग, डिस्लेक्सिया आणि डिस्ग्राफिया दोन्ही. मानसशास्त्र नाशिकरोडची, तिला यातलं काही नाही, पण याच विषयात पुढं जायचंय. भूगोलनं उत्तरादाखल ग्रंथालयाच्या तळमजल्याचा नकाशा आणला होता. त्यात पंखेसुद्धा दाखवलेले, आवाज करणारे आणि न करणारे वेगवेगळे.

१६ जानेवारी

पहिली नीट बैठक. संक्रांत परवाच झाली, मानसशास्त्रनं तिळगूळ आणला होता.

तिनं कक्षासाठी एक पोस्टरही करून आणलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरात ‘स्वमग्न मुलांना समजून घेऊया’. मराठीत हाच शब्द रूढ आहे, वर्तमानपत्रांत, शाळांच्या पाट्यांवर. भूगोलनं पोस्टर बराच वेळ पाहिलं. मग टेबलाकडे बघत म्हणाला, “मी स्वतःत मग्न नाहीये. मला बाहेरचंच जास्त ऐकू येतं. इतकं की बोलणाऱ्याचं राहून जातं.”

कुणी काही बोललं नाही. ‘ऑटिझम’ हा शब्दही ग्रीकमधल्या ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ यावरूनच आलेला, हे मी सांगितलं. म्हणजे आपला मराठी शब्द मूळ शब्दाला धरून आहे. पण भूगोल सांगतोय ते दोन्हींत बसत नाही. आम्ही आमच्या कागदांपुरतं ‘ऑटिझम’च लिहायचं ठरवलं. न्यूरोडायव्हर्सिटीला, म्हणजे प्रत्येकाचा मेंदू वेगळा चालतो या कल्पनेला, ‘मेंदूविविधता’ हा शब्द घेतला. तो ऐकून मराठी म्हणाली, “आमच्याकडं थॉमसन द्राक्षाचे घड ज्या औषधात बुडवतो, त्या डिपिंगचं जे प्रमाण, ते शरद जातीला चालत नाही. म्हणून कुणी शरद सीडलेसला आजारी म्हणत नाही.” मला हे पोस्टरपेक्षा आवडलं. पोस्टर मानसशास्त्रनं आपणहून गुंडाळून ठेवलं, जरा हिरमुसली होती. तिच्याशी उद्या वेगळं बोलायला हवं.

२८ जानेवारी

आज दिवसभर कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, आता २१ आहेत. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया) यांना आता या यादीत जागा मिळाली. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव, वयात ५ वर्षांची सूट. मात्र त्यासाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

संख्याशास्त्रनं २१ नावं बोटानं मोजली. “यात एडीएचडी कुठंय?” स्वतंत्र नावानं नाहीच. तो उठून खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला.

म्हणून मग विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा निकाल काढला. या उमेदवाराचा हात लिहिताना आखडायचा, रायटर्स क्रॅम्प. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, आणि वाजवी सोय प्रत्येक माणसाची गरज पाहून ठरवायची असते. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. संख्याशास्त्र खिडकीतून परत आला आणि निकालाचा दुवा मागून घेतला.

आमच्या मुलांतली कितीतरी कसलंही प्रमाणपत्र न घेता इथवर येतात. ‘आळशी’, ‘धांदरट’, ‘लक्षच नसतं’ हे शिक्के तेवढे असतात. पंधरा वर्षं तेच ऐकलेलं मूल कक्षात येऊन अर्ज मागेल, अशी वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

३ फेब्रुवारी

भूगोलचा नकाशा. त्यानं तीन आठवडे विद्यापीठाचा परिसर पायी मोजला, दिवसातून तीनदा, त्याच जागी त्याच वेळी. कुठं आवाज, कुठं उजेड डोळ्यांवर येतो, कुठं वास, कुठं गर्दीत अंगाला अंग लागतं, सगळं वेळेसकट. तांबडा रंग वापरलाच नाही. “तांबडा ओरडतो,” म्हणाला. निळ्याच्या पाच छटा आहेत. कॅन्टीन साडेअकराला सगळ्यात गडद : मिसळीची फोडणी, स्टीलच्या ताटल्यांचा ढीग, आणि मोठ्यानं पुकारले जाणारे टोकन नंबर. गेटबाहेर सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता उकरलाय, तो भाग मात्र पेन्सिलीनं. रोज बदलतो म्हणून.

प्रशासकीय इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यानं एक टिंब दिलं होतं. ‘जिन्यापासून तिसरी ट्यूब. गुणगुणते.’ मी अकरा वर्षं त्या ट्यूबखालून जातेय, मला कधीच ऐकू आली नाही. त्याच्याबरोबर तिथं जाऊन उभी राहिले. एक मिनिट काहीच नाही. मग आवाज सापडला, बारीक, कानाच्या मागं बसलेल्या डासासारखा, आणि एकदा सापडल्यावर जाईचना. बरोबर त्याच्याखाली शिष्यवृत्तीची खिडकी आहे. तिथं मुलं तासतास रांगेत असतात. शिपाई मामांनी दुपारीच चोक बदलला.

दुसऱ्या गोष्टीवर मात्र वाद झाला. नकाशात चार शांत जागा आहेत. एक ग्रंथालयामागचा निंबाखालचा बाक, एक जुन्या प्रयोगशाळेचा ओटा, बाकी दोन इथं लिहीत नाही. मानसशास्त्रचं म्हणणं, नकाशा मोठा छापून गेटवर लावू. भूगोल म्हणाला, “लावला की तिथं सगळे येतील. मग मी कुठं जाऊ?” तिच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. शेवटी गेटवरच्या नकाशात दोनच जागा दाखवायच्या ठरल्या. उरलेल्या दोन, कक्षात येऊन कुणी मागितल्या तर सांगायच्या. का हव्यात असं विचारायचं नाही.

१२ फेब्रुवारी

ओजेटीच्या नियमात रोजची एक पान दैनंदिनी सक्तीची आहे, हातानं लिहिलेली. मराठीला ते पान लिहायला दीड तास लागतो. म्हणजे चार तास काम आणि त्यावर दीड तास त्या कामाचा पुरावा. विभागात तीन खेपा घातल्या. आता ती फोनमध्ये बोलते, फोन टाईप करतो, मानसशास्त्र जोडाक्षरं तपासते, आणि विभाग ते कागद स्वीकारतो.

२० फेब्रुवारी

आजची चूक माझी आहे, म्हणून नीट लिहून ठेवते.

विभागप्रमुखांच्या बैठकीत मी संख्याशास्त्रला घेऊन गेले होते. त्यानं चिठ्ठ्यांच्या पेटीचं काम केलंय. ‘विद्यापीठात तुमचं कुठं अडतं?’ एवढाच प्रश्न पेटीवर होता, नाव लिहायची सक्ती नव्हती. आलेल्या चिठ्ठ्यांचे त्यानं गठ्ठे केले. सगळ्यात जाड गठ्ठा ‘कुणाला विचारायचं ते माहीत नाही’ याचा निघाला. ही मांडणी फार चांगली होती आणि मला तिचा अभिमान वाटत होता. त्या भरात मी ओळख करून देताना म्हटलं, “याला स्वतःला एडीएचडी आहे, तरी बघा किती नेटकं काम केलंय.”

तो बोलला, सगळं व्यवस्थित बोलला. बाहेर आल्यावर जिन्यात थांबून म्हणाला, “मॅडम, त्यातल्या दोन सरांकडे माझे पेपर आहेत. त्यांना मी सांगितलं नव्हतं.” आणि थोड्या वेळानं, “आणि ‘तरी’ नको होतं.”

मी माफी मागितली. तो “ठीक आहे” म्हणाला, पण ठीक नव्हतं. सांगून टाकलेलं परत घेता येत नाही. आता नियम केलाय : कुणाचं काय आहे हे ज्याचं त्यानं सांगायचं, कक्षानं नाही. कागदावर लिहून दारामागं चिकटवलंय. जाताना ते मला दिसतं.

५ मार्च

परीक्षेच्या नोटिशी. हे काम मराठीनं मागून घेतलं होतं. वाचताना ओळ कुठं अडखळवते ते तिला सगळ्यांच्या आधी कळतं. पट्टी ओळीखाली धरून, ओठ हलवत वाचते, अडली की पेन्सिलीची खूण करते. आजच्या नोटिशीतलं एक वाक्य :

‘परीक्षार्थींनी बैठक व्यवस्थेबाबत यापूर्वी निर्गमित परिपत्रकातील सूचनांचे अवलोकन करून नियोजित वेळेपूर्वी पर्याप्त अवधी राखून संबंधित केंद्रावर उपस्थित राहावे, अन्यथा होणाऱ्या गैरसोयीस परीक्षार्थी स्वतः जबाबदार राहतील.’

पेन्सिलीच्या नऊ खुणा. भूगोलनं एकच विचारलं, “पर्याप्त म्हणजे किती?” गेल्या सत्रात त्यानं याच शब्दापायी अकराच्या पेपरला सिन्नरहून पहिली बस धरली होती आणि सातपासून गेटवर बसून होता.

मराठीनं लिहिलं : ‘पेपर सकाळी ११ वाजता. १०.३० पर्यंत या. तुमचा ब्लॉक कोणता ते गेटजवळच्या फळ्यावर १० वाजता लागेल. उशीर झाला तर…’ आणि इथं पेन थांबला. उशीर झाला तर किती वाजेपर्यंत आत घेतात? परीक्षा विभागात जाऊन विचारलं. एकानं पंधरा मिनिटं सांगितलं, दुसऱ्यानं अर्धा तास, तिसरे म्हणाले, बघून घेतो. इतकी वर्षं ते लांबलचक वाक्य होतं तोवर हे ठरवायची वेळच कुणावर आली नव्हती. आज ठरलं : अर्धा तास. वाक्य पूर्ण झालं. नवी नोटीस अर्ध्या पानात बसते. विशेष म्हणजे परीक्षा विभागातल्या ताईंनी स्वतःहून आणखी चार नोटिशी आणून दिल्या.

९ मार्च

काल रंगपंचमी. संख्याशास्त्रच्या घराजवळ शनी चौकातली रहाड. वर्षभर मातीखाली बुजवलेला तो पेशवेकालीन हौद आदल्या दिवसांत उघडतात, रंग उकळून ओततात, आणि मग माणसं त्यात धप्पा मारतात. मी गृहीत धरलं होतं की भूगोल त्या दिवशी घरात दार लावून बसत असेल. आज कळलं की तो सिन्नरहून मुद्दाम आला होता. दोघं बरोबर गेले.

“ढोलाचा त्रास नाही झाला?” मी विचारलं. म्हणाला, “ढोलाचा ठेका ठरलेला असतो. पुढं काय येणार ते कळतं. कॅन्टीनच्या मिक्सरचं कळत नाही.” मात्र ओल्या कपड्यांत बसमध्ये बसायला जमत नाही, म्हणून कोरडा जोड पिशवीत नेला होता.

नकाशात आवाजाच्या छटा फक्त मोठा-बारीक अशा होत्या. त्यानं आज आणखी एक खूण वाढवली : ठरलेला आणि अचानक.

२५ मार्च

सुपरवायझरांची बैठक, दीड तास. बहुतेक अनुभवी मंडळी, कुणी वीस वर्षं ब्लॉकवर उभं राहिलेलं. दरवर्षी लेखनिक आणि जादा वेळ यांवरूनच कुरबुर होते. म्हणून मी अवनी प्रकाशच्या खटल्यापासून सुरुवात केली. डिस्ग्राफिया असलेली मुलगी, २०२१ ची ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा. तासाभराचा जादा वेळ तिच्या हक्काचा होता, केंद्रावर मिळाला नाही, पेपर काढून घेतला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं आणि परीक्षेच्या कामावरच्या माणसांना या नियमांचं प्रशिक्षण द्यायला हवं असं बजावलं. पुन्हा परीक्षा मात्र मिळाली नाही.

हिशेब संख्याशास्त्रनं फळ्यावर मांडला. तासाला किमान वीस मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटं. लेखनिक घेतला नाही तरी वेळ मिळतोच, हे बऱ्याच जणांना नवीन होतं.

मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ सर उठले. “मग बाकीच्यांवर अन्याय नाही का होत?” प्रश्न खवचट नव्हता, त्यांना खरंच पडलेला होता. मी बोलणार तेवढ्यात मराठी उठली. तिनं सरांना एक कोरा कागद दिला आणि म्हणाली, “सर, डाव्या हातानं तुमचं नाव, पद आणि आजच्या बैठकीचा विषय लिहा. मी उजव्या हातानं लिहिणाऱ्यांएवढाच वेळ देते.” सर हसले नाहीत, बसून लिहायला लागले. निम्म्यात तिनं कागद मागितला. सरांनी कागदाकडे पाहिलं आणि तो घडी करून खिशात ठेवला. चहाच्या वेळी तिला विचारत होते, अक्षरं हलतात का, डोकं दुखतं का, कोणत्या इयत्तेत कळलं.

हे तिनं आधी मला सांगितलेलं नव्हतं.

७ एप्रिल

परीक्षेचा पहिला दिवस. जादा वेळेचा ब्लॉक तळमजल्यावर, रस्त्यापासून लांबच्या बाजूला. ती खोली भूगोलच्या नकाशावरून निवडली. वेळ संपल्याची घंटा झाल्यावर इतर ब्लॉकमधली मुलं बोलत बाहेर पडतात, तो गोंगाट आमच्या लक्षातच आला नव्हता. मामांनी व्हरांड्याच्या तोंडाशी स्टूल टाकलं आणि चाळीस मिनिटं तिथून कुणाला जाऊ दिलं नाही. उद्यापासून दोरी बांधू.

१५ एप्रिल

तासांची बेरीज. भूगोल १२४, मराठी १२०, मानसशास्त्र १२६. संख्याशास्त्र ८२.

त्याचं काम कुणाहून कमी नाही. चिठ्ठ्यांची वर्गवारी, जादा वेळेचा तक्ता, ब्लॉकवाटप सगळं त्याचं. पण दुपारी दोन ते पाच कक्षात बसवलं की त्याच्याकडून काही होत नाही, पाय हलवत राहतो. मग रात्री अकराला बसतो आणि तीनपर्यंत एकटाकी संपवतो. फाईल कधी जतन झाली ते संगणकावर दिसतं. रात्रीचे ३८ तास भरतात. मिळून १२० होतात. नियमात मात्र ‘कार्यालयीन वेळेत उपस्थिती’ असे शब्द आहेत. कार्यालयातल्या बाईंना त्याच्याबद्दल आस्था आहे. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं उघडून दाखवलं. “मॅडम, मी कुठं भरू? कॉलमच नाही.”

हाताच्या अक्षरातली दैनंदिनी आम्ही सोडवली, हे राहिलं. पहिल्याच आठवड्यात कामाच्या वेळा त्याला विचारून लेखी मंजूर करून घ्यायला हव्या होत्या. तो ८२ वर नापास झाला तर मेंदूविविधतेच्या प्रकल्पात आम्ही त्यालाच बाहेर काढल्यासारखं होईल. कुलसचिवांकडे आज अर्ज दिला. सोबत फाईलींच्या वेळांचा तक्ता आहे. तक्ता त्यानंच केला, काल रात्री.

२२ एप्रिल

अर्जावर शेरा आला : ‘समक्ष चर्चा करावी.’ सोमवारी, २७ तारखेला. विद्यार्थ्यालाही बोलावलंय.

शेरा वाचून संख्याशास्त्रचा चेहरा उतरला. कोण कोण असेल, किती वेळ चालेल, काय विचारतील, असं दोनदा विचारलं. मी कुलसचिवांच्या कार्यालयात फोन लावला आणि तेच तीन प्रश्न विचारले. पलीकडच्यांना जरा नवल वाटलं, पण उत्तरं दिली. तिघं असतील, वीस मिनिटं, आणि प्रश्न रात्रीच्या तासांवरच. खोली दुसऱ्या मजल्यावर, वेळ साडेतीन. मराठीनं ते मोठ्या अक्षरात कागदावर उतरवलं, भूगोलनं खाली जिन्यापासून खोलीपर्यंतचा रस्ता काढून दिला.